कुणी कुणाला सांगायचे?

मोठी दुर्घटना घडली की तासाभरात तिथे माणसांना तोटा उरत नाही. पोलीस येतात, अग्निशमन दलाचे बंब येतात, १०८ च्या रुग्णवाहिका येतात. तहसीलदार आणि मंडल अधिकारी पोहोचतात, महावितरणचा लाइनमन शिडी घेऊन हजर होतो. गावातली तरुण मंडळी तर या सगळ्यांच्या आधीच ढिगारा उपसायला लागलेली असतात. पाठोपाठ पुढारी येतात, वाहिन्यांच्या गाड्या येतात आणि बघ्यांच्या गर्दीने रस्ता अडतो. आलेल्यांपैकी बहुतेकांना आपापले काम चांगले येत असते. तरी घोडे कुठेतरी अडतेच. आत किती माणसे आहेत, असे बंबावरच्या अधिकाऱ्याला विचारले तर तो पोलिसांकडे बोट दाखवतो. पोलीस म्हणतात, यादी महसूलवाल्यांकडे असेल. महसूलवाले पोलीस पाटलाला शोधत असतात आणि पोलीस पाटील ढिगाऱ्यावर माती काढत असतो. वीज बंद झाली आहे की नाही हे लाइनमनला ठाऊक असते; पण त्याला कुणी विचारलेले नसते, म्हणून त्याने कुणाला सांगितलेलेही नसते.

ही पुस्तिका दलादलांमधल्या या फटीविषयी आहे आणि त्या फटीत उभे राहून इकडची माहिती तिकडे पोहोचवणाऱ्या माणसाविषयी आहे. सरकारी कागदांत त्याला समन्वय अधिकारी म्हणतात, बोलण्यात लायझन ऑफिसर. तो आग विझवत नाही, जखमींना उचलत नाही, गर्दी हटवत नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्याचा फोटो नसतो. काम नीट झाले तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. चुकले तर मात्र चौकशीच्या अहवालात त्यावर पानेच्या पाने लिहिली जातात.

या पदाचा उगम वणव्यात आहे. कॅलिफोर्नियात १९७० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तेरा दिवस वणवे पेटत राहिले. सोळा माणसे गेली, सातशेच्या आसपास घरे आणि इमारती जळाल्या, पाच लाख एकरांहून अधिक जमीन होरपळली. आग विझवायला शहरांची, काउंटींची, राज्याची आणि केंद्रीय वन खात्याची दले एकाच वेळी उतरली होती. प्रत्येकाची वायरलेस यंत्रणा वेगळी, पदांची नावे वेगळी, हुकूम देण्याची रीत वेगळी. पाणी आणि माणसे असूनही कोणते पथक कोणत्या डोंगरावर आहे, याचा मेळ बसेना. त्या अनुभवातून 'फायरस्कोप' हा प्रकल्प आणि त्यातून 'इन्सिडन्ट कमांड सिस्टिम' तयार झाली. तिचे सूत्र साधे आहे: घटनास्थळापुरती सगळ्या दलांनी एकच रचना, एकच बोली आणि एकच आराखडा मानायचा.

भारताने ही पद्धत आपल्या प्रशासनाला जुळवून घेतली. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवर प्राधिकरणे आली. जिल्ह्यात अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे. २०१० मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 'इन्सिडन्ट रिस्पॉन्स सिस्टिम'ची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत इन्सिडन्ट कमांडरच्या थेट हाताखाली तिघे जण दाखवले आहेत: माहिती व माध्यम अधिकारी, सुरक्षा अधिकारी आणि लायझन अधिकारी. या तिसऱ्याची कामे तिथे नेमकी सांगितली आहेत. घटनास्थळी असलेल्या सर्व खात्यांची, दलांची, स्वयंसेवी संस्थांची आणि त्यांच्या प्रतिनिधींची यादी ठेवायची. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल (एनडीआरएफ) आणि सैन्यदलांसह सगळ्यांशी संपर्क राखायचा. नवे पथक आले की ते काय साधनसामग्री घेऊन आले, हे कमांडरच्या कानावर घालायचे. नियोजनाच्या बैठकीत बसायचे. आणि एक कलम बारकाईने वाचावे असे आहे: दलादलांमध्ये उद्भवलेल्या तसेच उद्भवू शकणाऱ्या अडचणी हेरायच्या.

'उद्भवू शकणाऱ्या' या दोन शब्दांमुळे हे काम कारकुनीच्या पलीकडे जाते. यादी ठेवणे कुणालाही शिकवता येते. दोन दलांमध्ये अर्ध्या तासाने काय अडणार आहे, हे आत्ता ओळखायला शिकवणे अवघड आहे, आणि प्रशिक्षणाचा खरा कस तिथेच लागतो. ते शिकवण्यासाठी यशापेक्षा अपयशाचा पाठ अधिक उपयोगी पडतो. म्हणून इथे एका परदेशी रात्रीची हकिगत जरा तपशिलाने सांगतो. तिच्या मध्यभागी एक लायझन अधिकारीच होता.

२२ मे २०१७. मँचेस्टर अरीनामधला संगीताचा कार्यक्रम संपत होता. प्रेक्षकांत शाळकरी मुली पुष्कळ होत्या. त्यांना न्यायला आलेले आईवडील बाहेरच्या 'सिटी रूम' या दालनात थांबले होते. रात्री १० वाजून ३१ मिनिटांनी तिथे आत्मघाती हल्लेखोराने स्फोट घडवला. २२ निरपराध माणसे मारली गेली, शेकडो जखमी झाली. शहरातले मध्यवर्ती अग्निशमन केंद्र अरीनापासून जेमतेम अर्ध्या मैलावर आहे. तिथल्या जवानांनी धमाका कानांनी ऐकला. तरीही अग्निशमन दलाची पहिली गाडी अरीनापाशी पोहोचली ती स्फोटानंतर २ तास ६ मिनिटांनी.

ब्रिटनच्या अग्निशमन दलांत पोलीस आणि रुग्णवाहिका सेवेशी दुवा राखण्यासाठी खास शिकवून तयार केलेले अधिकारी असतात. त्यांना 'नायलो' म्हणतात. त्या रात्रीच्या नायलोच्या कानावर आलेल्या पहिल्या खबरांवरून बंदूकधारी अजून मोकळे फिरत असावेत, अशी शंका त्याला आली. अशा हल्ल्यात जवानांना थेट आत न धाडता सुरक्षित अंतरावर जमवायचे, असा दंडक होता. त्याने सुमारे तीन मैलांवरचे फिलिप्स पार्क केंद्र नेमून दिले. अर्ध्या मैलावरचे जवान त्या हुकमाप्रमाणे घटनास्थळापासून उलट दिशेने निघाले. पुढची परिस्थिती पोलिसांच्या नियंत्रण कक्षातल्या 'फोर्स ड्यूटी ऑफिसर'कडून समजून घ्यायची होती. नायलो त्याला फोन करत राहिला. फोन लागेना.

पलीकडे त्या पोलीस अधिकाऱ्यावर एकाच वेळी डझनभर कामे कोसळली होती. १० वाजून ४७ मिनिटांनी त्याने 'ऑपरेशन प्लेटो' जाहीर केले. फिरत्या सशस्त्र हल्ल्यासाठी आधीच ठरवलेली ती योजना होती. ती लागू झाल्याचे अग्निशमन दलाला आणि रुग्णवाहिका सेवेला कळवायला हवे होते. ते कळवलेच गेले नाही. सिटी रूममधले सर्व जखमी हलवले जाईपर्यंत त्या दालनात फक्त तीन पॅरामेडिक गेले. स्ट्रेचर नव्हते. पोलिसांनी, अरीनाच्या कर्मचाऱ्यांनी आणि साध्या नागरिकांनी जाहिरातीचे फलक आणि लोखंडी कठडे हाताशी धरून त्यांवरून जखमींना खाली नेले. जखमी उचलून नेण्याची तालीम झालेले अग्निशमन जवान त्या वेळी तीन मैलांवर हुकमाची वाट बघत बसले होते.

या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या सर जॉन साँडर्स यांच्या अहवालाचा दुसरा खंड नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. वेळेवर योग्य उपचार मिळाले असते तर मृतांपैकी एक जण बहुधा वाचला असता, असा त्यात निष्कर्ष आहे. आणीबाणीच्या सेवांनी एकत्र काम करण्याची पद्धत त्या रात्री कोलमडली, हेही त्यात स्पष्ट नोंदवले आहे.

या हकिगतीत कामचुकार कुणी नाही, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. नायलोने नियम पाळला. पोलीस अधिकारी जागेवर होता आणि राबत होता. जवान आत जायला उतावीळ होते. चूक झाली ती अशी की, ज्याच्याकडे माहिती होती त्याला ती इतरांना कळलीच असेल असे वाटत राहिले, आणि ज्याला माहिती हवी होती त्याने ती एकाच दाराशी मागितली. ते दार उघडेना, तेव्हा दुसरे ठोठावले गेले नाही. रुग्णवाहिका अरीनाकडे जात आहेत, पोलीस आत वावरत आहेत, मग आपणच तीन मैलांवर का, हा प्रश्न वेळीच आणि मोठ्याने विचारला गेला असता तर पुढचे चित्र पालटले असते. घटनास्थळी पोहोचलेल्या इतर सेवांनाही 'बंब कुठे आहेत?' असे विचारता आले असते. लायझन अधिकाऱ्याच्या प्रशिक्षणाचा गाभा हाच: न विचारता सांगायचे, आणि उत्तर मिळेपर्यंत वेगवेगळ्या वाटांनी विचारत राहायचे.

याहून टोचणारी गोष्ट पुढे आहे. हल्ल्याच्या वर्षभर आधी, मे २०१६ मध्ये, त्याच महानगराच्या ट्रॅफर्ड सेंटर या मॉलमध्ये दहशतवादी हल्ल्याची मोठी रंगीत तालीम झाली होती. फोर्स ड्यूटी ऑफिसरवर कामाचा असा डोंगर येतो की बाकीच्या दलांना कळवणे राहून जाते, हे त्या तालमीतच दिसले होते. दोष सापडला, त्याची नोंदही झाली. दुरुस्ती मात्र झाली नाही.

असे होणे नवे नाही. लंडनच्या किंग्ज क्रॉस भुयारी स्थानकात नोव्हेंबर १९८७ मध्ये आग लागून ३१ जण दगावले. जमिनीखाली वायरलेस चालत नसल्याने किती अडले, हे त्यानंतरच्या चौकशीत पुढे आले. ७ जुलै २००५ ला त्याच शहराच्या भुयारी रेल्वेत बॉम्बस्फोट झाले तेव्हाही आणीबाणीच्या बहुतेक सेवांना जमिनीखालून वरती बोलता येत नव्हते. लंडन असेंब्लीच्या समितीने २००६ च्या अहवालात यावर कडक ताशेरे ओढले. २००५ च्या त्या हल्ल्यांच्या आणि इतर घटनांच्या चौकशांनंतर २०१२ मध्ये ब्रिटनने पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांच्या एकत्रित कामासाठी 'जेसिप' हा कार्यक्रम सुरू केला. त्याची पाच सूत्रे आहेत: शक्य तितक्या लवकर एका जागी या; साध्या भाषेत बोला; कोण काय करणार ते मिळून ठरवा; धोका मिळून जोखा; सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र ठेवा. सूत्रे निर्दोष आहेत. मँचेस्टरच्या रात्री ती नवी नव्हती; दलांना ती शिकवलेली होती. त्यावरून एवढेच सिद्ध होते की पाठांतर संकटात उपयोगी पडत नाही, सवय पडते.

मग सवय लावायची कशी? या पुस्तिकेतला सर्वांत मोठा भाग या प्रश्नाला दिलेला आहे. त्यातल्या एका सरावाचा नमुना पाहू. तालुक्याच्या सभागृहात टेबलावर नदीकाठच्या गावांचा नकाशा पसरलेला आहे. भोवती तहसीलदार, पोलीस निरीक्षक, गटविकास अधिकारी, पाटबंधारे खात्याचे शाखा अभियंता, महावितरणचे उपअभियंता, तालुका आरोग्य अधिकारी आणि दोन आपदा मित्र, म्हणजे आपत्तीच्या कामासाठी शिकवून तयार केलेले स्थानिक स्वयंसेवक, बसले आहेत. प्रशिक्षक एक चिठ्ठी फक्त शाखा अभियंत्याच्या हातात देतो: पहाटेचे तीन, धरणातून विसर्ग वाढवला, पाच वाजेपर्यंत खालचा पूल पाण्याखाली जाईल. दुसरी आरोग्य अधिकाऱ्याला: पुलापलीकडच्या गावात एक डायलिसिसचा रुग्ण आणि दिवस भरलेल्या दोन बायका. तिसरी महावितरणला: उपकेंद्रात पाणी शिरण्याच्या बेतात, चार वाजता फीडर बंद करावा लागेल. चौथी पोलिसांना: पुलाच्या अलीकडे ऊस वाहतुकीचा ट्रक रुतून रस्ता अडला आहे.

वीस मिनिटांनी प्रशिक्षक सगळ्यांना मिळून एकच प्रश्न विचारतो: पलीकडच्या गावासाठी रुग्णवाहिका इथून किती वाजता निघाली पाहिजे? उत्तर चारही चिठ्ठ्या एकत्र केल्याशिवाय निघत नाही. टेबलाभोवती एकमेकांकडे बघणे सुरू होते. अभियंत्याने विसर्गाचा निरोप आपल्या वरिष्ठांना दिलेला असतो, नोंदवहीत वेळही लिहिलेली असते. पोलिसांनी ट्रक काढायला क्रेन मागवलेली असते. आपापल्या खात्यापुरते प्रत्येकाचे काम चोख असते आणि रुग्णवाहिका मात्र निघालेली नसते. त्याच टेबलावर एक जण दर दहा मिनिटांनी उठून, 'तुमच्याकडे नवे काय आले? त्यामुळे यांचे काय अडते?' असे विचारत फिरला असता, तर दहाव्याच मिनिटाला ट्रक, पूल, वीज आणि रुग्ण एका ओळीत आले असते. दुसऱ्या फेरीत प्रशिक्षक सगळ्यांचे मोबाइल गोळा करून ठेवतो. तिसऱ्या फेरीत समन्वय अधिकाऱ्यालाच बाहेर बोलावून घेतो, आणि त्याची जागा कोण घेते ते पाहतो. दोष दाखवणाऱ्या सरावाचा अहवाल लिहून भागत नाही. कोणता दोष कोणी, कोणत्या तारखेपर्यंत दूर करायचा, हे लिहिल्याशिवाय या पुस्तिकेतला एकही सराव पूर्ण मानलेला नाही. ट्रॅफर्ड सेंटरचा धडा तिथे गिरवला आहे.

प्रशिक्षणाचा दुसरा भाग दुसऱ्याचे काम जाणण्याचा आहे. समन्वय अधिकाऱ्याला बंबाचा पाइप धरता आला नाही तरी चालेल. पण धुरात शिरलेल्या जवानाच्या पाठीवरच्या सिलिंडरची हवा अर्ध्या-पाऊण तासात संपते, हे त्याला माहीत हवे. फीडर बंद केला तरी कुणाच्या जनरेटरचा प्रवाह उलटा तारेत येऊ शकतो, म्हणून लाइनमन 'आता हात लावा' म्हणेपर्यंत तारेजवळ कुणी जायचे नाही, हे त्याला माहीत हवे. ढग खाली उतरले असतील तर हेलिकॉप्टर मागून उपयोग नाही, हे त्याने कमांडरला आधीच सांगितले पाहिजे. ढिगाऱ्याखालची हाक ऐकण्यासाठी बचाव पथकाला अधूनमधून पोकलेन थांबवावा लागतो. तो थांबला की वर जमलेले नातेवाईक 'काम बंद पाडले' म्हणून चिडतात. तेव्हा पोकलेनवाल्याला, पोलिसांना आणि नातेवाइकांना यंत्र का थांबते आहे हे थांबण्यापूर्वी सांगणे, हे शुद्ध समन्वयाचे काम आहे. पाच मिनिटांच्या त्या निरोपाने दगडफेक टळते.

तिसरा भाग निरोप देण्याचा. ब्रिटिश सेवांनी ठरवलेला क्रम आपल्याकडेही सहज चालतो: ही मोठी दुर्घटना आहे असे स्पष्ट जाहीर करा, मग नेमकी जागा, प्रकार, धोके, येण्याजाण्याच्या वाटा, जखमींचा अंदाज, आणि कोणत्या सेवा आल्या व कोणत्या हव्यात. 'परिस्थिती गंभीर आहे, लवकर या' या निरोपाने घबराट वाढते, माहिती वाढत नाही. 'उत्तरेचा रस्ता बंद, शाळेकडून या, रुग्णवाहिका चार हव्यात, बंब पुरेसे आहेत' या निरोपाने चार चालकांची पावले योग्य दिशेला पडतात.

आता महाराष्ट्राकडे येऊ. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच काळात कुलाब्यात फक्त ७३ मिलिमीटर. मंत्रालय आणि महापालिकेचे मुख्यालय दक्षिण मुंबईत. खिडकीतून दिसणारा पाऊस आणि कुर्ल्याच्या छातीभर पाण्यातला पाऊस, यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. 'सगळ्यांपुढे एकच चित्र' हे सूत्र किती मोलाचे आहे, हे मुंबईइतके दुसऱ्या कोणत्या शहराने भोगून शिकले नसेल. पुढे महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापके बसवली आणि आपत्कालीन नियंत्रण कक्ष सुसज्ज केला, तो त्याच अनुभवातून.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या अंगावरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. पावसात, चिखलात, निसरड्या पायवाटेने तास-दीड तास चढून जावे लागत होते. यंत्रे वर नेता येत नव्हती, हवामानामुळे हेलिकॉप्टर उडू शकत नव्हते. एनडीआरएफ, ठाण्याचे आपत्ती प्रतिसाद दल, पोलीस, डॉक्टर, गिर्यारोहकांचे गट आणि सिडकोने पाठवलेले मजूर फावडी-कुदळी घेऊन चढले. मदतीला चढणाऱ्या नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा वाटेतच हृदयविकाराने मृत्यू झाला. कुणाला वर धाडायचे, कुणाला पायथ्याशी थांबवायचे, वरून खाली येणाऱ्यांसाठी वाट कधी मोकळी करायची, हे ठरवणे तिथे बचावकार्याइतकेच जोखमीचे होते.

दुसरा पेच यादीचा होता. वाडीची लोकसंख्या २२८. त्या रात्री प्रत्यक्ष वाडीत किती जण होते? कुणी आश्रमशाळेत होते, कुणी कामाला बाहेर, कुणी मासे धरायला गेलेले. मतदार यादी एक सांगते, शिधापत्रिका दुसरे, आश्रमशाळेचा हजेरीपट तिसरे, आणि वाचलेले नातेवाईक चौथे. ही सगळी कागदपत्रे आणि तोंडी माहिती एका टेबलावर जुळवल्याशिवाय कुठे खणायचे हे ठरत नाही आणि खणणे कधी थांबवायचे हेही ठरत नाही. अखेर २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले, आणि २३ जुलैला शोधकार्य थांबवण्यात आले. शोध थांबवण्याचा निर्णय ज्या यादीवर उभा असतो, ती बिनचूक ठेवणारा माणूस त्या जागी सर्वांत महत्त्वाच्यांपैकी एक असतो.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात वेगळी अडचण पुढे आली. एनडीआरएफ, लष्कर आणि नौदलाची पथके बाहेरून आली होती. त्यांना बोट चालवता येत होती. पाण्याखाली गेलेली गल्ली कोणती, विजेचा खांब कुठे, विहीर कुठे, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली आजी आहे, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? अशा वेळी प्रत्येक बोटीत गावचा एक माहीतगार बसवणे हा समन्वयाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक प्रकार आहे. कृष्णा आणि पंचगंगेच्या पुराचा हिशेब तर दोन राज्यांच्या धरणांवर चालतो. कोयनेतून किती सोडले आणि अलमट्टीतून पुढे किती निघाले, हे आकडे महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या अभियंत्यांनी एकमेकांना वेळेवर कळवणे म्हणजे दोन राज्यांमधला लायझनच.

आपल्याकडे या प्रशिक्षणाच्या वाटेत तीन धोंडे आहेत, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पहिला बदल्यांचा. मे महिन्यात शिकून तयार झालेला अधिकारी जूनमध्ये दुसऱ्या जिल्ह्यात जातो आणि ओळखीपाळखी मागे राहतात. म्हणून प्रशिक्षण एकट्याला न देता जागेला द्यावे: त्या पदावर येणाऱ्याला पहिल्या पंधरवड्यात हा पाठ मिळालाच पाहिजे, आणि जोडीला बदली न होणारा स्थानिक माणूस, मग तो पोलीस पाटील असो की आपदा मित्र, तयार असला पाहिजे. दुसरा धोंडा हुद्द्याचा. लायझनचे काम 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून सर्वांत कनिष्ठाच्या गळ्यात घातले जाते. मग पोलीस अधीक्षकांना मध्येच थांबवून 'साहेब, तुमच्या गाड्यांनी रुग्णवाहिकांची वाट अडली आहे' असे तो कसा म्हणणार? कमांडरने पहिल्याच बैठकीत सगळ्यांसमोर सांगितले पाहिजे की हा बोलेल तेव्हा मी बोलतो आहे असे समजा. तिसरा धोंडा आपल्या मान्सूनपूर्व आढावा बैठकीचा. एकेक खाते आपला अहवाल वाचते, बोटी किती, लाइफ जॅकेट किती, हे आकडे सांगते, चहा होतो आणि बैठक संपते. बोट एका खात्याची, डिझेल दुसऱ्याकडून, चालक तिसऱ्याचा, आणि चालकाचा मोबाइल नंबर कुणाकडेच नाही, हे त्या बैठकीत बाहेर येत नाही. त्याच बैठकीतला एक तास नकाशाच्या सरावाला दिला तर बाहेर येईल.

यातले पुष्कळसे जमवता येते, हे आपण दरवर्षी पाहतो. आषाढीच्या वारीत पोलीस, महसूल, आरोग्य, एसटी, पाणीपुरवठा, ग्रामपंचायती आणि दिंड्यांचे प्रमुख लाखो माणसांची वाट आठवडेच्या आठवडे सांभाळतात. ते जमते, कारण ती माणसे दरवर्षी त्याच मुक्कामांवर एकमेकांना भेटतात. नाशिकला २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ भाविक दगावले, त्याचा धडा घेऊन २०१५ चे नियोजन झाले. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरी पुन्हा सिंहस्थ आहे. या पुस्तिकेतले सराव करून पाहायला त्याहून मोठे निमित्त शोधायला नको.

पुस्तिकेच्या रचनेविषयी थोडे. पहिल्या भागात रचना आणि कायदा आहे. तो संदर्भासाठी, एका बैठकीत वाचण्यासाठी नव्हे. दुसऱ्या भागात प्रत्येक दलाला काय येते, काय येत नाही आणि किती वेळ लागतो, हे त्या त्या दलाच्या माणसांशी बोलून लिहिले आहे. तिसऱ्या भागातले सराव चढत्या क्रमाने अवघड होत जातात. शेवटच्या कोऱ्या तक्त्यात आपल्या तालुक्याची माणसे, साधने आणि फोन नंबर स्वतःच्या हाताने भरायचे आहेत. तो तक्ता कोरा राहिला तर बाकीची पाने वाचून फारसे साधणार नाही.

म्हणून वाचकाला एकच विनंती. पुस्तिका मिटण्यापूर्वी आपल्या जवळच्या अग्निशमन केंद्रात, पोलीस ठाण्यात, १०८ च्या थांब्यावर आणि महावितरणच्या उपकेंद्रात एकदा जाऊन या. तिथल्या माणसाचे नाव विचारा, आपले सांगा, दोघांचे नंबर एकमेकांच्या फोनमध्ये घाला, आणि 'मोठी अडचण आली तर सगळ्यात आधी तुमचे काय अडते?' हा एक प्रश्न विचारा. मिळालेले उत्तर त्या कोऱ्या तक्त्यात लिहा. हे काम पाऊस सुरू होण्याआधी व्हायला हवे.